रायपूरचा ब्राह्मणपारा : एका वस्तीचा भाषिक इतिहास

१

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा या नावाची एक वस्ती आहे. मराठी वाचकास या नावातील 'पारा' हा शब्द प्रथमदर्शनी चकवतो. गावच्या वडापिंपळाभोवती बांधलेला 'पार' त्यास आठवतो. पण हा शब्द तो नव्हे. संस्कृतात 'पाटक' म्हणजे गावाचा एक भाग. त्यापासून मराठीत 'पाडा', बंगालीत 'पाड़ा' आणि छत्तीसगढीत 'पारा' ही रूपे सिद्ध झाली. मात्र व्युत्पत्ती एक असली तरी या शब्दांची सामाजिक पायरी एक राहिली नाही. मराठीत 'पाडा' म्हटले की ठाणे-पालघरकडील आदिवासींची रानातील वस्ती डोळ्यांपुढे येते. रायपुरात 'पारा' हा भर शहरातील मोहल्ला असतो. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बूढापारा, कंकालीपारा, आमापारा, टिकरापारा, बैजनाथपारा अशा पाऱ्यांच्या जुळणीतूनच जुने रायपूर घडले.

या नावांत थोडासा इतिहासही साठवलेला आहे. काही नावे जातीवरून वा व्यवसायावरून पडली, काही देवस्थानावरून, काही झाडांवरून वा तलावांवरून. त्यांतील 'तात्यापारा' हे नाव मात्र मराठी कानास घरचे वाटते. नागपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेस, छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलखात, एका मोहल्ल्याला 'तात्या' हे मराठी घरातील संबोधन चिकटून राहावे, ही गोष्ट योगायोगाची नाही. ब्राह्मणपारा आणि त्यास लागून असलेले हे पारे यांचा इतिहास मराठी आणि हिंदी या दोन्ही वाङ्मयांच्या अभ्यासकांना काही सांगू शकतो, परंतु दोघांनीही त्याकडे आपापल्या अंगणातून, आणि म्हणून अर्धवट, पाहिले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

रायपूर मराठ्यांनी वसविले नाही. रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथे स्थिरावली. याच शाखेतील ब्रह्मदेव या राजाच्या काळातील १४०२ सालचा शिलालेख रायपुरात मिळाला असून त्यात हाटकेश्वराच्या मंदिराचा उल्लेख आहे. खारून नदीच्या काठी, महादेवघाटावर, हे देवस्थान आजही नांदते आहे. कलचुरींच्या लेखांचा जो प्रमाणभूत संग्रह १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्याचे संपादक नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी होत. छत्तीसगढच्या प्राचीन इतिहासाचा पाया ज्यांनी पक्का केला त्यांत एका मराठी विद्वानाचे स्थान अग्रभागी आहे, हे येथे नमूद करावयास हवे.

मराठ्यांचा या प्रदेशाशी संबंध आला तो नागपूरकर भोसल्यांमुळे. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपुरावर चालून गेले आणि कलचुरींच्या स्वतंत्र सत्तेचा शेवट सुरू झाला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून प्रत्यक्ष कारभार केला. दसऱ्यास सोने म्हणून पाने वाटण्याची चाल या प्रदेशात त्यांनी रूढ केली, असे तेथील परंपरा मानते. बिंबाजींच्या निधनानंतर सुभेदारांची राजवट आली. सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी परगण्यांची व्यवस्था लावली. हा सारा कारभार मोडीत चाले.

तथापि हे सारे प्रामुख्याने रतनपूरचे. रायपूरचे भाग्य उघडले ते १८१८ नंतर. इंग्रज-भोसले युद्धानंतर छत्तीसगढचा कारभार काही काळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला आणि कर्नल अॅग्न्यू यांच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८३० साली प्रदेश पुन्हा भोसल्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांचे जिल्हेदार रायपुरातच राहू लागले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. म्हणजे रायपुरातील मराठी वस्तीचे स्वरूप प्रथमपासून कचेरीशी बांधलेले होते. ती तलवारीच्या मागोमाग आली हे खरे, पण तिचा पाय रोवला गेला तो दप्तराच्या आधाराने. कारकून, फडणीस, वकील, पुराणिक, शिक्षक अशा लेखणीवर जगणाऱ्या घरांची ती वस्ती होती.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. ब्राह्मणपारा म्हणजे मराठी ब्राह्मणांचा पारा, असे समीकरण मांडता येत नाही. उत्तरेकडून आलेली सरयूपारीण आणि कान्यकुब्ज ब्राह्मणांची घरे येथे पुष्कळ होती. मराठी घरे त्यांच्या शेजारी, विशेषतः तात्यापारा आणि बूढापारा या बाजूंना, विखुरलेली होती. ही घरे एका गल्लीत कोंडलेली नव्हती, या साध्या गोष्टीचा त्यांच्या भाषेवर दूरगामी परिणाम झाला. अंगणात मराठी, ओट्यावर छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, अशी तीन भाषांची दिनचर्या त्यांच्या अंगवळणी पडली.

३

१८६१ साली मध्य प्रांताची रचना झाली. नागपूर आणि रायपूर एका प्रांतात आले. पण नागपूरकडे शाळा-कचेऱ्यांची भाषा मराठी राहिली आणि छत्तीसगढात ती हिंदी ठरली. रायपूरच्या मराठी शिक्षित वर्गापुढे त्यामुळे एक निवड उभी राहिली. लिहावयाचे ते घरच्या भाषेत की गावच्या? या प्रश्नाचे अत्यंत स्पष्ट उत्तर ज्यांनी दिले ते माधवराव सप्रे होत.

सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या लहानशा गावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशनाची बाजू वामन बळीराम लाखे यांनी सांभाळली. तिन्ही नावे मराठी, मासिक हिंदी, शीर्षकात छत्तीसगढ. तीन वर्षे चालून १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले. तेवढ्या अवधीत हिंदीतील ग्रंथसमीक्षेला त्याने शिस्त लावली, आणि सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली त्यातच प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती, या वादात या कथेचे नाव आजही घेतले जाते.

पुढे १९०७ साली त्यांनी नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू केला. टिळकांच्या 'केसरी'चा आवाज हिंदी भाषकांपर्यंत नेणे हा त्याचा उघड हेतू होता. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. सुटकेसाठी त्यांना माफीपत्र द्यावे लागले, आणि या गोष्टीची खंत त्यांना दीर्घकाळ जाळत राहिली. ते काही काळ सार्वजनिक जीवनातून दूर झाले आणि रामदासी संप्रदायाच्या साधनेकडे वळले. रायपुरातील त्यांचे पुढील वास्तव्य या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवे. समर्थांच्या 'दासबोधा'चा आणि टिळकांच्या 'गीतारहस्या'चा त्यांनी केलेला हिंदी अनुवाद ही या काळाची फळे होत. चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी 'महाभारत मीमांसा' या नावाने हिंदीत आणला. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

या अनुवादांकडे आपण सामान्यतः 'मराठीचे हिंदीस योगदान' या दृष्टीने पाहतो. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. यात एक समृद्ध भाषा दुसरीस काही देत आहे, असे चित्र उभे राहते. सप्रे यांची स्थिती तशी नव्हती. ते पुण्याहून हिंदीकडे गेलेले नव्हते. ते हिंदी मुलखातच जन्मले होते आणि 'दासबोध' त्यांच्याकडे घरच्या संस्कारातून आला होता. घरात जे मराठीतून ऐकले ते शेजाऱ्यास त्याच्या भाषेत सांगावे, अशी ही प्रक्रिया होती. अनुवाद हा येथे दोन प्रांतांमधील व्यवहार नव्हता. माजघर आणि ओटा यांमधील ती रोजची ये-जा होती. अनुवादाचा अभ्यास करताना आपण मूळ भाषा आणि लक्ष्य भाषा अशी दोन टोके कल्पितो. ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीत ही दोन्ही टोके एकाच माणसात असतात.

४

अशा ये-जेसाठी एक सार्वजनिक जागा लागते. रायपुरात ती वाचनालयांनी पुरविली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राह्मणपारा-कंकालीपारा भागात उभे राहिलेले आनंद समाज वाचनालय या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वृत्तपत्रे वाचणे, वाचून दाखविणे, त्यांवर चर्चा करणे आणि त्या चर्चेतून सभा भरविणे हा क्रम महाराष्ट्रातील नगरवाचनालयांच्या इतिहासातून आपल्या परिचयाचा आहे. त्याचाच अवतार येथे हिंदी वातावरणात झाला. डिसेंबर १९२० मध्ये महात्मा गांधी रायपुरास आले असता या वाचनालयाच्या आवारात स्त्रियांची सभा झाली आणि टिळक स्वराज्य फंडासाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, असे स्थानिक परंपरा सांगते. त्या वर्षीच्या भेटीच्या पुराव्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; १९३३ च्या नोव्हेंबरमधील हरिजन-दौऱ्यात गांधीजी रायपुरात आले होते, याविषयी मात्र वाद नाही. आठवणीचा तपशील कसाही ठरो, वस्तीने आपल्या अभिमानाचा प्रसंग देवळाच्या नव्हे तर वाचनालयाच्या अंगणात ठेवला, ही गोष्ट बोलकी आहे.

वस्तीच्या नावातील जातीचा प्रश्नही येथे टाळता येणार नाही. 'ब्राह्मणपारा' हे नाव ज्या समाजरचनेची खूण आहे, तिच्यात इतरांचे पारे वेगळे आणि काहींचे तर गावाबाहेर होते. त्या रचनेवर आघात करणारा एक प्रमुख पुरुष ब्राह्मण घरातूनच आला. राजिमजवळच्या चमसूर गावी १८८१ साली जन्मलेल्या पंडित सुंदरलाल शर्मा यांनी सतनामी आणि इतर दलित समाजांत काम केले, राजिमच्या राजीवलोचन मंदिरात त्यांना प्रवेश मिळावा म्हणून धडपड केली आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला. हेच शर्मा 'छत्तीसगढी दानलीला' या काव्याचे कर्ते होत. तुरुंगात असताना ते हस्तलिखित पत्रिका काढीत. तिचे नाव त्यांनी 'श्रीकृष्ण जन्मस्थान' असे ठेवले होते. उच्चवर्णीय पंडिताने संस्कृतप्रचुर हिंदी बाजूस ठेवून शेतकऱ्याच्या बोलीत काव्य लिहावे आणि त्याच माणसाने मंदिराचे दार उघडावयास निघावे, या दोन कृतींना वेगवेगळ्या प्रकरणांत घालणे योग्य होणार नाही. बोलीची निवड हीही एक सामाजिक भूमिका असते.

वामनराव लाखे यांचे आयुष्यही असेच. मासिकाचे प्रकाशक म्हणून आरंभ केलेल्या या वकिलाने १९१३ साली रायपुरात सहकारी बँकेची उभारणी केली. सरकारने दिलेली पदवी असहकाराच्या काळात परत केली. १९३० च्या सत्याग्रहात रायपूरच्या ज्या पाच नेत्यांना लोक पांडव म्हणू लागले, त्यांत लाखे युधिष्ठिर होते आणि मौलाना अब्दुल रऊफ हे नकुल. आज शहरातील एक भाग 'लाखेनगर' म्हणून ओळखला जातो.

५

ब्राह्मणपाऱ्यापासून पायी जाता येईल अशा अंतरावर आणखी किती भाषा नांदत होत्या, हे पाहिले म्हणजे या वस्तीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. बूढापाऱ्यातील बंगाली वस्तीत १८७७ ते १८७९ या काळात किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, आपल्या वडिलांसह राहिले होते. बहुभाषाकोविद म्हणून कीर्ती मिळविलेले हरिनाथ डे यांचे बालपण याच परिसरात गेले. बैजनाथपाऱ्याकडे उर्दू बोलणाऱ्या घरांतून हबीब तन्वीर आले. १९२३ साली रायपुरात जन्मलेल्या या नाटककाराने 'चरणदास चोर'मध्ये छत्तीसगढी नाचा कलावंतांना त्यांच्याच बोलीसह रंगभूमीवर आणले. ज्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात ते शिकले, त्याच शाळेस पुढे माधवराव सप्रे यांचे नाव देण्यात आले. एका मराठी माणसाचे नाव धारण केलेली हिंदी शाळा आणि तिचा विद्यार्थी म्हणून एक उर्दू-छत्तीसगढी नाटककार! रायपूरचे सारे भाषिक गणित या एका इमारतीत मावते.

रायपूरच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. ते हिंदीचे युगप्रवर्तक कवी; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीचे महत्त्वाचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या आणि दोन वाङ्मयेतिहासांनी त्यांची वाटणी करून घेतली. दोघांना एकत्र ठेवून वाचले असता मार्क्सवादी जाणीव, दीर्घ कवितेची ओढ आणि आत्मपरीक्षणाचा दाह यांचे जे साम्य दिसते, ते भाषावार इतिहासांच्या कुंपणामुळे दिसेनासे होते. सप्रे यांच्या पिढीत एकाच माणसात असलेल्या दोन भाषा पुढील पिढीत दोन भावांत विभागल्या गेल्या, असे या बदलाचे वर्णन करता येईल. अर्थात मुक्तिबोधांचे घर माळव्यातील होते, रायपूरचे नव्हे. पण हिंदी प्रदेशातील मराठी घराचा पेच तोच होता.

६

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. जवळजवळ शतकभर एका प्रांतात असलेली नागपूर आणि रायपूर ही शहरे दोन राज्यांत विभागली गेली. ज्या मराठी कुटुंबांची सोयरीक, शिक्षण आणि कोर्टकज्जे नागपुराशी जोडलेले होते, त्यांना राजधानी आता भोपाळ झाली. मराठी ही प्रांताच्या दोन भाषांपैकी एक होती. ती रायपुरात आता अल्पसंख्याकांची भाषा ठरली. तिच्यावर कोणी बंदी घातली नाही. तिला केवळ शाळा, कचेरी आणि नोकरी यांपैकी काहीही उरले नाही. भाषा मागे सरकण्याचे हे कारण फार शांत, आणि म्हणूनच फार परिणामकारक असते.

१९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली रायपुरात भरले. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाच्या जिवंतपणाची ती साक्ष होती. परंतु संमेलन आपणास सांगते ते मराठीतून लिहिणाऱ्यांविषयी. मराठी घरात वाढून हिंदीत लिहिणारे, अथवा काहीच न लिहिता दोन भाषांत विचार करणारे, त्या मांडवाबाहेरच राहतात.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. १९०१ साली सुमारे ३२ हजार वस्तीचे हे गाव २०११ च्या जनगणनेत दहा लाखांच्या पुढे गेले. राजधानीच्या कार्यालयांसाठी शहराबाहेर नवे नगर वसविण्यात आले. ब्राह्मणपारा एके काळी गावच होता; आता तो महानगराचा एक वॉर्ड आहे. शहर बाहेर वाढत गेले आणि त्याचे मूळ केंद्र आपल्याच गावात आडवळणाचे झाले. महाराष्ट्र मंडळाची वास्तू जुन्या पाऱ्यांत नसून चौबे कॉलनीत आहे. गणेशोत्सव, गुढीपाडवा आणि मराठी नाटके तेथे होतात. मराठी समाजाचे केंद्र शेजाराकडून संस्थेकडे गेले, हा बदल केवळ पत्त्याचा नाही. शेजारात भाषा न ठरविता ऐकू येते. संस्थेत ती ठरवून, दिवस नेमून, ऐकावी लागते.

तरीही जुन्या वस्तीत मिसळणीच्या खुणा आहेत. कंकाली मठाचे दार वर्षातून एकदा, दसऱ्यास उघडते आणि नागा साधूंच्या शस्त्रांचे दर्शन होते; त्याच दिवशी सोन्याची पानेही वाटली जातात. विदर्भातला पोळा येथे 'पोरा' होतो आणि मातीचे बैल बाजारात येतात. गणपतीच्या देखाव्यांची मिरवणूक आता कोणत्याही एका भाषिक समाजाची राहिलेली नाही. येथील मराठीत 'येऊन राहिला', 'करून राहिलो' अशी हिंदीच्या वळणाची क्रियारूपे सर्रास ऐकू येतात. पुण्याच्या कानास ती अशुद्ध वाटतील. पण नागपूरपासून पूर्वेकडे पसरत गेलेल्या या रूपांचा नकाशा काढला, तर मराठीच्या पूर्वसीमेविषयी व्याकरणापेक्षा अधिक माहिती मिळेल. बस्तरकडील हलबी बोलीस ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या विभागात स्थान दिले, याचे कारणही या सीमाप्रदेशाच्या सरमिसळीत आहे.

७

मग प्रश्न असा, की या वस्तीचा वाङ्मयेतिहास कोणी लिहावा? मराठीचा इतिहासकार म्हणेल, ग्रंथ हिंदीत आहेत. हिंदीचा इतिहासकार सप्रे यांना योग्य तो मान देतो. परंतु त्यांच्या घरातील मराठीचा उल्लेख चरित्राच्या पहिल्या वाक्यात करून तो पुढे जातो. त्यामुळे 'दासबोध' त्यांच्या हिंदी गद्यात किती मुरला, टिळकांच्या वाक्यरचनेने हिंदी वैचारिक लेखनास कोणते वळण दिले, या प्रश्नांचा पाठपुरावा करणारा वाचक दोन्हीकडे विरळ राहतो. या दुर्लक्षामागे कोणाची अनास्था असेलच असे नाही. इतिहासाचे एकक म्हणून आपण भाषा स्वीकारली, त्याचाच तो परिणाम आहे. काही ठिकाणी ते एकक भाषा नसून वस्ती असावयास हवे.

हे काम फार काळ लांबणीवर टाकण्याजोगे नाही. मोडी वाचणारी माणसे घरांतून नाहीशी होत आहेत. तात्यापारा ते शारदा चौक या पट्ट्यातील रस्तारुंदीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. रहदारीला वाट हवी, हे मान्यच आहे. पण अशा वस्तीत जुने घर पडते तेव्हा भिंतींबरोबर पेट्या आणि माळेही रिकामे होतात. वहीखाती, पत्रे, मासिकांचे सुटे अंक, वाचनालयाच्या नोंदवह्या यांची किंमत रद्दीच्या वजनावर ठरते. विद्यापीठांतील मराठी आणि हिंदी विभागांनी एकत्र येऊन या कागदांची सूची करणे, मोडी जाणणारे दोन-तीन विद्यार्थी तयार करणे आणि वृद्धांच्या तोंडची तीन भाषांची मिसळ ध्वनिमुद्रित करून ठेवणे, एवढे तरी साध्य आहे. त्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. हे कागद नेमके कोणत्या भाषेच्या मालकीचे, हा वाद तूर्त बाजूस ठेवण्याची मात्र गरज आहे. सप्रे यांनी तो वाद कधी मनावर घेतलेला दिसत नाही.